निगडीची शिमटी

मे महिन्यात पुण्याची पोरं घरात असली की दुपार काढणं हे एक कामच असतं. उन्हात सोडवत नाही, आंब्याच्या अढीकडे फिरकू द्यायचं नाही, आणि मोबाइलला रेंज हवी तर गडग्यावर चढावं लागतं. म्हणून यंदा मी ‘श्यामची आई’ लावला. पुस्तक लिहिणाऱ्या साने गुरुजींचं पालगड आमच्याच दापोली तालुक्यात, तेव्हा घरचाच सिनेमा. पोरांवर संस्कार वगैरे करायचे नव्हते. एवढ्या वर्षांनी तो मलाच कसा वाटतो ते बघायचं होतं.

लहानपणी शाळेच्या पटांगणात पाहिला होता, पांढऱ्या चादरीवर. खाडीवरचा वारा आला की चादर फुगायची आणि श्यामच्या आईचं काम करणाऱ्या वनमालाबाईंचा चेहरा एका गालाने सुजायचा. तरी अख्खा वर्ग रडला होता. गुरुजीसुद्धा.

पाचव्या मिनिटाला भाच्याने विचारलं, “मामा, हे कोकण? मग हिरवं कुठाय?”

१९५३ सालचा कृष्णधवल सिनेमा; हिरवं आणायचं कुठून? पहिलं राष्ट्रपती सुवर्णपदक यालाच, असं मी सांगून पाहिलं. पोरं ढिम्म. ‘छडी लागे छमछम’ला मात्र खो खो हसली. मार खायचं गाणं असतं हेच त्यांना नवीन होतं.

खरं सांगायचं तर मीही चुळबुळत होतो. सिनेमाचे दिग्दर्शक अत्रे मुळात नाटकवाले, त्यामुळे पात्रं शेवटच्या रांगेला ऐकू जावं अशा बेताने बोलतात. साने गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात पाच दिवसांत लिहून काढलेल्या पुस्तकातला हळू आवाज इथे बराच चढलाय. फक्त ‘भरजरी गं पितांबर’ लागलं आणि मी गप्प झालो. वसंत देसाईंची चाल आणि आशाबाईंचा आवाज, तिथे वय वगैरे काही आड येत नाही.

मग पोहण्याचा प्रसंग आला. श्याम लपून बसतो आणि आई त्याला मारत विहिरीवर पिटाळते. पडवीत एकदम शांतता. भाचा चार दिवस हेच करत होता. विहिरीचं नाव काढलं की त्याच्या पोटात दुखायचं.

“असं मारायचं नसतं,” तो म्हणाला. “तक्रार करता येते.”

मागे माझी आई कैऱ्या चिरत बसली होती. मान वर न करता म्हणाली, “मारू नये हे खरंच. पण बुडाला असता तर कोणाकडे करणार होतास रे तक्रार?” मग थोड्या वेळाने, स्वतःशीच, “बाई गुणाची आहे हो, पण आपल्याकडची नव्हे. उकिडवं बसण्यात कळतं.”

वनमाला ग्वाल्हेरच्या, हे आईला कोणी सांगितलेलं नाही.

शेवट जवळ आला आणि लाईट गेली. “मरते का ती?” भाच्याने विचारलं. आई म्हणाली, “हो.” त्याने आणखी काही विचारलं नाही, कैरीची एक फोड उचलली आणि मिठात बुडवून बराच वेळ चोखत बसला.

संध्याकाळी तो विहिरीच्या काठावर पाय सोडून बसलेला दिसला. पाठीला डबा बांधलेला, पण उडी काही पडत नव्हती. आई हळूहळू कुंपणापाशी गेली, निगडीच्या झुडपाची एक शिमटी मोडून पानं ओरबाडली आणि त्याच्या मागे जाऊन उभी राहिली.

“मी काही करत नाही हो,” म्हणाली, “नुसती उभी आहे.”