तादोकुची वही: सांगली, महिना 4

या महिन्यात आमचा जपानी वाचनगट पातळी 0 सोडून पातळी 1 वर आला. आठवड्यातून दोन बैठका विश्रामबागेत, एकेक तासाच्या; बाकीचे दिवस घरी 20 मिनिटं. जपानी वाचायला नव्याने बसणाऱ्यांना उपयोगी पडेल एवढंच इथे नोंदवतो.

तादोकु म्हणजे पुष्कळ वाचणं. नियम चार: सगळ्यात सोप्यापासून सुरुवात, शब्दकोश बंद, अडेल तो भाग ओलांडून पुढे, आणि पुस्तक रमवत नसेल तर खाली ठेवून दुसरं उचलायचं. त्यासाठी शिकणाऱ्यांकरता सोप्या गोष्टींच्या पुस्तिका मिळतात, त्यांना पातळ्या असतात. 0 आणि 1 या दोन्हींचा शब्दसंग्रह साधारण 350 शब्दांचा, 2 चा 500, 3 चा 800, 4 चा 1300, 5 चा 2000. पहिल्या दोन पातळ्यांत फरक आहे तो लांबीचा. 0 ची पुस्तिका 400 अक्षरांच्या आत संपते, 1 ची 1500 पर्यंत जाते. म्हणजे शब्द तेच, दम मात्र जास्त लागतो.

हे लक्षात न घेता फक्त शब्द येतात म्हणून वर चढलं की गाडी अडते. मिनिटाला 30 अक्षरांच्या वेगाने 1500 अक्षरांना 50 मिनिटं लागतात, तोवर गोष्टीची सुरुवात डोक्यातून गेलेली असते. म्हणून 0 सोडायचा निकष वेगावर ठेवला: नवी पुस्तिका मिनिटाला 60 अक्षरांनी, न थांबता. त्यासाठी प्रत्येकाला 0 च्या 30 ते 40 पुस्तिका लागल्या. हा आकडा ऐकून बरेच जण नाराज होतात, पण इथे घाई करू नका.

कठीणपणा मोजायला पेन्सिलीचं टिंब पुरतं. अनोळखी शब्दाखाली टिंब द्यायचं, थांबायचं नाही, शेवटी टिंबं मोजायची. शंभर शब्दांमागे दोनपेक्षा जास्त झाली तर ती पुस्तिका महिनाभर बाजूला. 98 टक्के शब्द ओळखीचे हवेत हा आकडा हू आणि नेशन या भाषा-संशोधकांच्या 2000 सालच्या अभ्यासातून आलेला आहे. तो इंग्रजी गोष्टींवर काढलेला असला तरी आमच्या वहीत जपानीलाही लागू पडतोय. (पानावर नवे शब्द मोजूनमापून घालायची ही रीत रुजवणाऱ्यांपैकी मायकेल वेस्ट 1920 च्या दशकात ढाक्यात शिकवत होते. बंगाली मुलांची इंग्रजी पुस्तकं पाहून त्यांना ती सुचली.)

आता मराठी वाचकाला काय आयतं मिळतं ते. क्रियापद शेवटी आणि विभक्ती शब्दाला चिकटून, हे तर आहेच. प्रश्नार्थक ‘का’सुद्धा वाक्याच्या शेवटीच: ‘इकिमासु का’, जाता का. पण खरी मौज जोडक्रियापदांत आहे. ‘ताबेते मिरु’ म्हणजे खाऊन बघणे, आणि त्यातला ‘मिरु’ खरोखरच बघणे. ‘शिते ओकु’ म्हणजे करून ठेवणे. घरातून निघताना म्हणायचं ‘इत्ते किमासु’ म्हणजे शब्दाला शब्द ‘जाऊन येतो’. ‘काल वाचलेलं पुस्तक’ ही रचनाही तशीच: ‘किनोउ योन्दा होन’, विशेषण झालेलं क्रियापद नामाच्या आधी. म्हणून वाक्य इंग्रजीत उलटवून समजून घ्यायची सवय पहिल्याच आठवड्यात मोडायला हवी. इंग्रजी माध्यमातून आलेल्यांना ते जड जातं. उपाय एकच, ओळ डावीकडून उजवीकडे एकदाच वाचायची, मागे फिरायचं नाही.

फसगत होते ती मराठी क्रियापद कर्त्याची माहिती देतं म्हणून. ‘गेली’ म्हटलं की बाई कळते. जपानी ‘इत्ता’ (गेला, गेली, गेले सगळंच) वरून कोण गेलं, एक की अनेक, काहीच कळत नाही. कर्ता तर दोन्ही भाषा गाळतात. पातळी 1 वर सगळ्यात जास्त चुका इथेच झाल्या. बैठकीत तीन वाक्यांत गोष्ट मराठीत सांगायला लावली की लगेच उघडं पडतं, कारण मराठीत सहसा लिंग टाळून बोलता येत नाही. तसंच देण्याघेण्याचं. आपल्याला ‘देणे’ एक. जपानीत आपण दुसऱ्याला दिलं तर ‘आगेरु’, दुसऱ्याने आपल्याला दिलं तर ‘कुरेरु’. दोन्हींचं ‘दिलं’ करून पुढे गेलात तर भेट कुणाकडे गेली तेच उलटं होतं. अशा जागी चित्र पाहा. चित्रं सजावटीसाठी नाहीत, अर्धा मजकूर तिथेच असतो.

जपानी अक्षरांवर देवनागरीत उच्चार लिहिणं पूर्ण बंद केलं. आपण ऱ्हस्व ‘बा’ही ‘बा’ असाच लिहितो, त्यामुळे काकू आणि आजी यांच्यातला फरक पुसला जातो: दोन्ही ‘ओबासान’, आजीचा ‘बा’ दुप्पट लांब. गोष्टीत आजीची काकू होते. अक्षरांचे घोळ ठरलेले आहेत. हिरागानात (जपानीची नेहमीची उच्चारलिपी) ‘नु’ आणि ‘मे’; काताकानात (परकीय शब्दांची लिपी) ‘शि’ आणि ‘त्सु’. ‘शि’ मध्ये छोट्या रेघा डावीकडे एकाखाली एक आणि लांब रेघ खालून वर. ‘त्सु’ मध्ये छोट्या रेघा वर शेजारी शेजारी आणि लांब रेघ वरून खाली. दोन्ही दहा दहा वेळा हाताने लिहिल्याशिवाय डोळा फरक धरत नाही. ‘त्सु’च्या उच्चाराला मात्र ‘चाक’ मधला आपला च थेट चालतो.

कांजीवरच्या (चिनी चित्राक्षरांवरच्या) बारीक फुरिगानावरच, म्हणजे उच्चार सांगणाऱ्या छोट्या अक्षरांवरच, नजर राहते ही नवी अडचण. तिसऱ्या वाचनाला पुठ्ठ्याची पट्टी घ्यायची, आडव्या ओळीत फुरिगाना वर असतो, उभ्या ओळीत उजवीकडे; तेवढाच झाकायचा. पहिलं वाचन फक्त चित्रं, दुसरं मनात, तिसरं पट्टीने. ध्वनिफीत मिळाली तर चौथं.

छपाईबद्दल. मोफत पुस्तिका इंटरनेटवरून उतरवून घेऊन झेरॉक्सवाल्याकडे ए4 दुमडून काढतो. उभ्या ओळींच्या पुस्तिका उजवीकडून उलगडतात, तेव्हा पुस्तिका-छपाईत बांधणी ‘उजवी’ निवडायची. डावी राहिली तर पानं उलट्या क्रमाने येतात आणि सगळे कागद वाया. आधी एकच प्रत काढून पाहा.

वहीत रकाने सहा: तारीख, पुस्तिका, पातळी, अक्षरं, मिनिटं, टिंबं. ‘सोडून दिलं’ असेल तर पातळीपुढे फुली. फुली एकही नसेल तर तो वाचक कंटाळा दाबून वाचतोय असं समजतो आणि त्याला पुढच्या बैठकीत दोन पुस्तिका मुद्दाम अर्ध्यात ठेवायला लावतो.

पुण्यात जुलै आणि डिसेंबरला जपानी भाषेची परीक्षा (JLPT) असते. तिची शब्दयादी या वहीत मिसळत नाही. यादीतला शब्द वाचनात भेटला की टिंब पडत नाही, इतकाच संबंध.

पुढच्या महिन्यात पातळी 1 च्या 20 पुस्तिका, त्यांतल्या निम्म्या उभ्या ओळींच्या. वेग 60 च्या खाली गेला तर आठवडाभर परत 0.