मिनेसोटा ते यलोस्टोन: कूलरमधले टीएचसीचे कॅन कुठवर चालतात?

मिनीॲपोलिसहून यलोस्टोनला गाडीने निघायचं तर कूलरमध्ये काय भरायचं हे आपल्या मंडळींना तोंडपाठ असतं. दहीभात, ताक, ठेपले, लोणचं वेगळ्या डब्यात. गेल्या उन्हाळ्यात आम्ही निघालो तेव्हा बायकोच्या मावसभावाने त्यात लिंबाच्या चवीच्या सोड्याचे चार कॅनही ठेवले. प्रत्येक कॅनमध्ये ५ मिलिग्रॅम टीएचसी, म्हणजे गांजात नशा आणणारं जे द्रव्य तेच. मी नको म्हटलं. त्यावर तो म्हणाला, "दाजी, दुकानात बिअरशेजारी विकतात हो. लीगल आहे."

दुकानापुरतं त्याचं बरोबर होतं. मिनेसोटात १ जुलै २०२२ पासून हेंपपासून (म्हणजे अगदी कमी टीएचसी असलेल्या गांजाच्या झाडापासून) काढलेल्या टीएचसीची पेयं २१ वर्षांवरच्या कुणालाही विकत घेता येतात. एका मात्रेत ५ मिलिग्रॅम, एका कॅनमध्ये फार तर दोन मात्रा. दारूच्या दुकानात त्यांचा वेगळा फ्रिज असतो, चार कॅनचा पॅक वीस डॉलरच्या आसपास. ब्रुअरीच्या टॅपरूममध्येही मिळतात. पण तिथे आधी बिअर घेतली असेल तर तेच दुकान पाच तास टीएचसीचं पेय देत नाही. तसा कायदाच आहे, काउंटरवरच्या पोराशी हुज्जत घालून उपयोग नाही.

ही सगळी दुकानदारी उभी राहिली ती २०१८ च्या केंद्रीय कृषी कायद्यातल्या एका व्याख्येवर. ज्या गांजाच्या झाडात सुक्या वजनाच्या ०.३ टक्क्यापर्यंतच डेल्टा-९ टीएचसी (टीएचसीचा नशा आणणारा मुख्य प्रकार) आहे ते हेंप, आणि हेंप अंमली पदार्थांच्या यादीतून बाहेर. व्याख्या शेतातल्या झाडासाठी होती. पेयवाल्यांनी ती कॅनला लावली. ३५५ मिलिलिटरच्या कॅनचं वजन साधारण ३५५ ग्रॅम, त्याचे ०.३ टक्के म्हणजे हजार मिलिग्रॅमच्या वर. त्यापुढे ५ मिलिग्रॅम म्हणजे किस झाड की पत्ती! पळवाट म्हणा, हुशारी म्हणा, काही वर्षं ती बिनघोर चालली.

पण प्रत्येक राज्याचा स्वतःचा कायदा वेगळा असतो आणि यलोस्टोनकडे नेणारा आय-९० महामार्ग एका राज्यात संपत नाही.

पहिला मुक्काम आम्ही लुव्हर्नला केला. मिनेसोटाच्या हद्दीतलं या रस्त्यावरचं शेवटचं जरा मोठं गाव. ब्लू माउंड्सचा लालसर कडा आणि तिथले गवे संध्याकाळी बघून घ्या, तेवढ्यासाठी थांबायला हरकत नाही. रात्री मोटेलच्या खोलीत दोघांनी एकेक कॅन उघडला. चव लिंबाची, शेवटी जिभेवर ओलं गवत चघळल्यासारखा कडवटपणा. गोळी किंवा चॉकलेट चढायला तास-दोन तास लागतात. पेयात टीएचसीचे कण अगदी बारीक करून मिसळलेले असतात, त्यामुळे हे पंधरा-वीस मिनिटांत जाणवतं. ज्यांनी कधीच घेतलेलं नाही त्यांनी अर्ध्या कॅनवर थांबावं, सोबत दारू घेऊ नये आणि सकाळपर्यंत गाडीच्या किल्ल्या दुसऱ्याकडे द्याव्यात. मिनेसोटात गाडी चालवताना उघडा कॅन हाताशी असणं हाही गुन्हा आहे, उघड्या बिअरसारखाच. उरलेला असला तर डिकीत.

सकाळी उरलेले दोन कॅन मी बेसिनमध्ये ओतायला लावले. मेहुणा दक्षिण डकोटातल्या सू फॉल्सपर्यंत धुसफुसत होता.

दक्षिण डकोटाबद्दल मला जी भीती होती ती अशी. तिथे मौजेखातर गांजा बेकायदा आहेच, शिवाय अंमली पदार्थ अंगात सापडणं, म्हणजे नुसतं सेवन, हाही तिथे वेगळा गुन्हा आहे. कॅनवर हेंप लिहिलंय, प्रयोगशाळेचा अहवाल क्यूआर कोडमध्ये आहे, हे सगळं खरं. पण रस्त्यावर पोलिसाकडे असतो तो रंग बदलणारा किट, आणि त्याला हेंपमधलं टीएचसी आणि गांजातलं टीएचसी यात फरक करता येत नाही. द्रव्य एकच, तो तरी काय करणार! खरं-खोटं प्रयोगशाळेत ठरतं. तोवर तुमची सुट्टी कुठे जाते ते बघा.

वॉल गावाच्या पुढे आम्हाला थांबवलंच. तिथे ताशी ८० मैलांची मर्यादा आहे, तरी बायको त्याच्या वर गेली होती. पोलीस सभ्य होता. परवाना बघितला, आत वाकून विचारलं, गाडीत दारू, गांजा, काही आहे का? नाही म्हटलं. कूलरकडे बोट करून हे काय? बायकोने झाकण उघडून ताकाची बाटली दाखवली. त्याने वास घेतला आणि लगेच मान मागे घेतली. ताकीद लिहिलेला कागद देऊन सोडून दिलं. इथे एक सांगून ठेवतो: झडती घेऊ का असं विचारलं तर नम्रपणे नाही म्हणायचा हक्क तुम्हाला आहे. खोटं मात्र बोलू नका. व्हिसावर असाल तर खोटं बोलणं हे मूळ गोष्टीपेक्षा महागात पडतं.

बॅडलँड्स, रशमोर यांवर भरपूर लिहिलं गेलंय, मी पुन्हा लिहीत नाही. वायोमिंगने नशा आणणाऱ्या हेंपच्या मालावर जुलै २०२४ पासून कडक बंधनं आणली आहेत. आणि यलोस्टोन ही केंद्र सरकारची जमीन. उद्यानाच्या आत गांजा बाळगणं केंद्रीय नियमानुसार गुन्हा, मग तुम्ही कुठल्याही राज्याच्या दारातून आत शिरा.

पश्चिमेच्या दारातून बाहेर पडलात की वेस्ट यलोस्टोन, म्हणजे मोंटाना. तिथे जानेवारी २०२२ पासून परवाना असलेली गांजाची दुकानं आहेत. पर्यटकांची रीघ बघून आपलेही काही जण "बघू तरी" म्हणून आत शिरतात. ज्यांच्याकडे अमेरिकेचं नागरिकत्व नाही त्यांनी शिरू नये, कारण खाली देतो.

वेस्ट यलोस्टोनहून दक्षिणेकडे निघालात की थोड्याच वेळात टार्घी पास लागतो आणि आयडाहो सुरू होतं. इथे टीएचसीचं प्रमाण शून्य लागतं. ०.३ टक्का नाही, शून्य. जानेवारी २०१९ मध्ये, म्हणजे कृषी कायद्यावर सही होऊन महिना-दीड महिना झाला असताना, ऑरेगनहून कोलोरॅडोला हेंप नेणारा ट्रक बॉयजीजवळ पकडला होता. जवळपास तीन टन माल जप्त, ड्रायव्हर तुरुंगात. हेंपची वाहतूक राज्यांनी अडवू नये असं त्याच केंद्रीय कायद्यात लिहिलेलं आहे, तरीही प्रकरण कोर्टात लांबलं. तीन टनांच्या मालकाकडे वकील होते. तुमच्याकडे दोन कॅन आणि मागच्या सीटवर झोपलेली पोरं असतील.

दुसऱ्या दिशांनी जाणाऱ्यांसाठी थोडक्यात. आय-३५ ने खाली आयोवात जात असाल तर तिथे जुलै २०२४ पासून एका मात्रेला ४ मिलिग्रॅमची मर्यादा आहे, म्हणजे मिनेसोटाचा साधा ५ मिलिग्रॅमचा कॅनसुद्धा बसत नाही. कॅलिफोर्नियाने सप्टेंबर २०२४ मध्ये हेंपच्या खाद्यपेयांत टीएचसीचा अंशही चालणार नाही असा आदेश काढला. टेक्सासमध्ये विधिमंडळाने बंदी मंजूर केली आणि जून २०२५ मध्ये राज्यपालांनी ती नाकारली. निघायच्या आठवड्यात त्या त्या राज्याच्या सरकारी पानावर बघायचं, मित्राच्या दोन वर्षांपूर्वीच्या अनुभवावर जायचं नाही.

आम्ही भाड्याची गाडी सॉल्ट लेक सिटीला सोडून विमानाने परतलो. विमानाचं गणित असं: केबिन बॅगेत १०० मिलिलिटरच्या वर द्रव चालत नाही, त्यामुळे पूर्ण कॅन सुरक्षा तपासणीतच अडकतो. चेक-इन बॅगेत, ०.३ टक्क्याच्या आतला हेंपचा माल टीएसएच्या (विमानतळावर सुरक्षा तपासणी करणाऱ्या केंद्रीय खात्याच्या) नियमात बसतो. त्यांचे कर्मचारी अमली पदार्थ शोधत नसतात, पण दिसलं तर स्थानिक पोलिसांना कळवतात, आणि मग जिथे उतरलात किंवा जिथून चढलात त्या राज्याचा कायदा लागू. विमान कंपनीचा स्वतःचा नियम आणखी निराळा असू शकतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. १२ नोव्हेंबर २०२५ रोजी अमेरिकेतलं सरकारी कामकाज पुन्हा सुरू करणाऱ्या खर्चाच्या कायद्यात हेंपची व्याख्या बदलली. आता टक्का नुसत्या डेल्टा-९ वर नाही, एकूण टीएचसीवर मोजायचा, आणि ग्राहकाच्या हातात जाणाऱ्या डब्यात सगळं मिळून ०.४ मिलिग्रॅमच्या वर टीएचसी नको. हे लागू व्हायची कायद्यातली तारीख वर्षभरानंतरची, नोव्हेंबर २०२६. म्हणजे ५ मिलिग्रॅमचा कॅन त्या मर्यादेच्या साडेबारापट. तो केंद्राच्या लेखी हेंप राहणार नाही, गांजा होईल. उद्योगवाले मुदत वाढवून घ्यायची खटपट करतायत. पण फ्रिजमध्ये साठा करून ठेवण्यात शहाणपण नाही.

एच-१बी, एफ-१ किंवा ग्रीन कार्डवाल्यांनी हे नीट वाचा. इमिग्रेशनला केंद्रीय कायदा लागतो, मिनेसोटाचा किंवा मोंटानाचा नाही. अमली पदार्थांच्या केंद्रीय कायद्याचा भंग केल्याची नुसती कबुली दिली तरी देशात प्रवेश नाकारता येतो. शिक्षा झालेली असावीच लागते असं नाही. नागरिकत्वाच्या अर्जातही गांजा आडवा येऊ शकतो, राज्यात तो कायदेशीर असला तरी, असं यूएससीआयएसने, म्हणजे नागरिकत्व आणि इमिग्रेशनच्या केंद्रीय खात्याने, एप्रिल २०१९ मध्ये स्पष्ट केलं आहे. विमानतळावर अधिकाऱ्याला फोन तपासता येतो. कॅन हातात धरून काढलेले फोटो व्हॉट्सॲपवर कशाला ठेवायचे? मेहुण्याचा ग्रीन कार्डाचा अर्ज चालू होता. लुव्हर्नच्या बेसिनचा हट्ट मी धरला तो त्यामुळे.

नोकरीच्या चाचणीचंही तसंच. लघवीच्या तपासणीत टीएचसीचा शरीरात उरलेला अंश दिसतो, तो हेंपचा की गांजाचा हे दिसत नाही.

कॅनडाच्या बाजूने जाणार असाल तर सीमेवर कुठल्याच दिशेने नेऊ नका, तिथे गांजा कायदेशीर असूनही. आणि भारतात? विचारसुद्धा नको. "आपल्याकडे होळीला भांग चालते की" हा युक्तिवाद मी सांगलीच्या दोन मित्रांकडून ऐकलाय. १९८५ च्या एनडीपीएस कायद्यात, म्हणजे भारताच्या अंमली पदार्थांच्या कायद्यात, नुसतं पान गांजाच्या व्याख्येबाहेर आहे, म्हणून उत्तर प्रदेश-राजस्थानात भांगेची सरकारी परवान्याची दुकानं दिसतात. टीएचसी हे द्रव्य मात्र त्याच कायद्याच्या सायकोट्रॉपिक (मनावर परिणाम करणाऱ्या) पदार्थांच्या यादीत नावानिशी आहे. त्यात २०२० मध्ये हिरा सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मिश्रणाचं एकूण वजन धरायचं असं ठरवलं. म्हणजे मुंबई विमानतळावर ५ मिलिग्रॅमचा हिशेब तुम्ही सांगत बसाल आणि समोरचा अख्खा कॅन वजनकाट्यावर ठेवेल. मित्रांसाठी चॉकलेटं न्या, बदाम न्या.

घरी आई-बाबा किंवा सासू-सासरे येऊन राहिले असतील, लहान मुलं असतील, तर हे कॅन फ्रिजमध्ये सोड्याच्या ओळीत ठेवू नका; दिसायला फरक काही नाही आणि २१ वर्षांचा इशारा बारीक अक्षरात असतो. कुलपाच्या कपाटात ठेवा, प्यायच्या आधी थंड करा. चुकून मुलाने प्यायलं तर लक्षणांची वाट न बघता पॉयझन हेल्पलाइनला १-८००-२२२-१२२२ वर फोन करा. चोवीस तास चालते, पैसे लागत नाहीत. मूल जागं होत नसेल किंवा श्वास नीट घेत नसेल तर थेट ९११.