आरसा चांगला होता, तरी रात्री डोळे दिपायचे

म्हापशात आमचं गॅरेज आहे, वायरिंग, लाइट, सेन्सर असली किचकट कामं बहुतेक माझ्याच गळ्यात पडतात. पावसाळ्यात तर विचारूच नका. मागच्या पावसाळ्यात धारगळचे एक काका आले, रिटायर्ड माणूस, गाडी एकदम टापटीप, आणि तक्रार एवढीच की आतला आरसा रात्री डिम होत नाही. ऑटो डिमिंगवाला आरसा होता, म्हणजे ज्याच्या खाली ती दिवस-रात्रीची दांडी नसते, मागून लाइट पडला की काच आपोआप निळसर काळी होते तो.

काकांची मुलगी बाहेरगावी असते, तिला आणायला मोपा विमानतळावर जायचं तर बऱ्याचदा रात्रीच, आणि रात्री त्या हायवेवर जो तो अप्पर मारत मागे चिकटतो, त्यातही भाड्याने गाडी घेतलेले पर्यटक असले की डिप्पर नावाचं काही असतं हेच त्यांना माहीत नसतं. काका म्हणाले, "अरे, एका ठिकाणी दाखवली, त्यांनी टॉर्च मारून बघितला आणि सांगितलं आरसा गेला, नवीन घाला." नवीन आरशाची किंमत ऐकून काका सरळ माझ्याकडे आले.

मी विचारलं, "काका, टॉर्च कधी मारला, दिवसा?" तर हो, भर दुपारी. आता यातली गंमत अशी की या आरशाला दोन सेन्सर असतात. एक आपल्या तोंडाकडे, म्हणजे मागच्या काचेतून येणारा लाइट बघणारा, आणि दुसरा आरशाच्या पाठीला, पुढच्या काचेतून बाहेर दिवस आहे की रात्र ते बघणारा. बाहेर अंधार आणि मागून झगझगाट, दोन्ही एकदम असलं तरच दोन काचांच्या मधल्या जेलला करंट मिळतो, तोही जेमतेम व्होल्ट-दीड व्होल्ट, आणि जेल काळं पडतं. दुपारी उन्हात नुसता समोरून टॉर्च मारला तर नवाकोरा आरसासुद्धा ढिम्म हलणार नाही. पण आरसा विकायचा असला तर हे सांगायचं कोणी!

मग मी इग्निशन ऑन केलं, आरशावरचं बटण ऑन असल्याची हिरवी लाइट बघितली, पाठीमागच्या सेन्सरवर बोट दाबून धरलं आणि समोरून टॉर्च मारला. काही सेकंदांत काच कडेपासून काळवंडत गेली, छान एकसारखी, कुठे डाग नाही, बुडबुडे नाहीत, जेल गळल्याची खूण नाही. तसंच बोट ठेवून काकांना म्हटलं, "आता ब्रेक दाबून रिव्हर्स टाका बघू", टाकला तर काच परत स्वच्छ. हे बरोबर आहे, मागे घेताना नीट दिसावं म्हणून रिव्हर्सला डिमिंग बंदच होतं. माझा खरा संशय तिथेच होता, कारण कधीकधी रिव्हर्सच्या वायरला कायमचे बारा व्होल्ट बसतात आणि मग आरशाला वाटतं गाडी सतत मागेच चालली आहे. मीटर लावला, न्यूट्रलला शून्य, रिव्हर्सला बारा. सगळं ठीक.

काकांना सांगितलं आरसा ठणठणीत आहे. काका खूश झाले नाहीत, वैतागले. "ठणठणीत आहे तर रात्री माझे डोळे का दिपतात?" आणि ते खरंच होतं ना, माणूस उगाच एवढ्या लांब कशाला येईल.

म्हणून गॅरेज बंद झाल्यावर काकांच्या गाडीतून कोलवाळच्या बाजूला गेलो, आमच्या पोराला मागून व्हॅन घेऊन यायला सांगितलं. रस्त्याच्या कडेला अंधार बघून दोन्ही गाड्या थांबवल्या, पोराने मागून हेडलाइट टाकले, आणि आरसा पांढरा फटफटीत! काका माझ्याकडे बघतात, सांगत होतो ना, अशा नजरेने. मी परत बोट लावायला आरशाच्या मागे हात घातला तर माझी नखं निळ्या-पांढऱ्या उजेडात चमकली. वाकून बघतो तर आरशामागे काचेला डॅशकॅम, म्हणजे रस्त्याचं रेकॉर्डिंग करणारा छोटा कॅमेरा, चिकटवलेला, त्याचा स्क्रीन चालू, आणि तो स्क्रीन थेट आरशाच्या पाठीवरच्या सेन्सरच्या तोंडात. सेन्सरला बिचाऱ्याला रात्रभर दिवसच दिसत होता. दुपारी मी बोट लावलं तेव्हा हा उजेडही बोटामागे झाकला गेला, म्हणून टेस्ट पास.

स्क्रीन बंद केला, मागे व्हॅनचा लाइट तसाच. आरसा हळूहळू काळा झाला. काका एकदम कोकणीत, "आतां कितें जालें?" डॅशकॅम कोणी लावला विचारलं तर म्हणाले मुलाने, चतुर्थीला आला होता तेव्हा, आणि मग आठवून म्हणाले की हो, त्रास साधारण त्यानंतरच सुरू झाला. हे आधी सांगितलं असतं तर, पण जाऊ दे, डॅशकॅमचा आणि आरशाचा संबंध कोणाच्या डोक्यात येणार.

दुसऱ्या दिवशी डॅशकॅम काढून डाव्या बाजूला खाली सरकवला, वायर नीट आत दाबली आणि सेटिंगमध्ये जाऊन स्क्रीन मिनिटभराने आपोआप बंद होईल असं केलं. रेकॉर्डिंग चालूच राहतं, स्क्रीनची गरज नसते. टेप वगैरे सेन्सरवर लावायचं मात्र कोणी सुचवलं तर करू नका, मग आरसा दिवसाही रात्र समजतो आणि मागच्या गाडीच्या काचेवरून ऊन चमकलं की उगाच काळा होतो.

काकांनी चार दिवसांनी फोन केला, आतला आरसा एकदम बेस्ट, पण बाहेरच्या दोन आरशांतून अजून लाइट येतो. म्हटलं, काका, तुमच्या मॉडेलला बाहेरचे आरसे साधेच आहेत, ते डिम होत नाहीत, गाडी घेऊन या, थोडे बाहेरच्या अंगाला फिरवून देतो. आले, दिले, आणि बिलात नुसती मजुरी लावली.