पेर लाशेजमधली हजेरी

मी युरोप टूरवर ग्रुप घेऊन जाते, टूर मॅनेजर म्हणून. पॅरिसला इतक्या वेळा गेले तरी पेर लाशेजच्या कबरस्तानात कधी पाऊल टाकलं नव्हतं, कारण आपल्या लोकांना सुट्टीत कोणाच्या कबरी बघायला नको असतात, नुसतं सुचवलं तरी कोणीतरी म्हणतंच, अहो अशुभ कशाला.

मागच्या जूनमध्ये शॉपिंगसाठी दुपार मोकळी दिली होती, सगळे पांगले, आणि बाई तेवढ्या लॉबीत बसून राहिल्या. बाई म्हणजे मिरजेच्या, गाण्याच्या रिटायर्ड शिक्षिका, वय ७४, अख्खा ग्रुप त्यांना बाईच म्हणायचा. मला म्हणाल्या, "अगं, वाजिद अली शाहच्या आईला भेटायचंय, नेशील का?" मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. लखनौच्या नवाबाची आई पॅरिसात काय करतेय? तर त्यांनी पर्समधून घडी घातलेला कागद काढला, त्यावर पेनाने लिहिलं होतं, पेर लाशेज, विभाग ८५.

मेट्रोत त्यांनी सगळी हकीकत सांगितली. १८५६ मध्ये इंग्रजांनी अवध खालसा केलं, नवाब कलकत्त्याला गेला, आणि त्याची आई मलिका किश्वर, जन्म पडद्यात गेलेली बाई, समुद्र ओलांडून लंडनला निघाली, थेट व्हिक्टोरिया राणीकडे दाद मागायला. ती तिकडे असतानाच इकडे १८५७ चा उठाव झाला, मग तिचं कोण ऐकून घेणार? मुलगा कलकत्त्याच्या फोर्ट विल्यममध्ये कैदेत, आणि ही परतीच्या वाटेवर जानेवारी १८५८ मध्ये पॅरिसमध्येच गेली. बरोबर आलेला धाकटा मुलगा पण थोड्याच दिवसात लंडनला वारला, त्याला इथेच आणून पुरलं. बाई हे सांगत होत्या आणि माझं स्टेशनांकडे लक्षच नव्हतं.

पेर लाशेज नावाचं स्टेशन सोडून आम्ही मुद्दाम पुढच्या गांबेताला उतरलो, ते टेकडीच्या वरच्या अंगाला आहे आणि बाईंच्या गुडघ्यांना चढ झेपला नसता. बाईंनी पांढऱ्या फुलांची एक जुडी घेतली. आत जायला तिकीट नाही. जवळपास ११० एकरांचं एक गावच आहे ते, फरसबंदी गल्ल्या, दोन्ही बाजूला छोट्या देवळांसारखी थडगी, वर मोठाली झाडं. १८०४ ला सुरू झालं तेव्हा शहरापासून लांब म्हणून लोक यायला तयार नव्हते, मग १८१७ मध्ये मोलिएर आणि ला फोंतेन ह्या जुन्या लेखकांच्या अस्थी इथे हलवल्या, आणि पुढे मोठमोठ्या माणसांची रीघ लागली.

आयरिश लेखक ऑस्कर वाइल्डच्या थडग्याभोवती काचेची भिंत आहे, लोक लिपस्टिक लावून दगडाला किस करायचे, तो खराब व्हायला लागला म्हणून २०११ मध्ये काच लावली. तिथून ८५ नंबरमध्ये आलो. फ्रेंच कादंबरीकार मार्सेल प्रूस्टचा काळा गुळगुळीत दगड लगेच सापडला, पण बेगमसाहेबा काही सापडेनात. अर्धा तास फिरलो. शेवटी झाडांना पाणी घालणाऱ्या एका माणसाला मी माझ्या मोडक्या फ्रेंचमध्ये भारताची राणी, भारताची राणी असं विचारत राहिले, तो पाइप टाकून आमच्याबरोबर आला आणि एका चौथऱ्याकडे बोट दाखवलं.

नुसता दगडी चौथरा. भेगांतून गवत आलेलं, वर वाळकी पानं. नाव कुठे दिसेना, आम्ही चारी बाजूंनी बघितलं. मला खरंच वाईट वाटलं, एवढ्या लांब न्याय मागायला आलेली बाई आणि साधं नावसुद्धा नाही.

बाई काही बोलल्या नाहीत. पदराने एक कोपरा पुसला, भेगेतलं शेवाळ बोटाने खरवडलं, पूर्ण जुडी तिथे ठेवली. मग उभ्या उभ्याच, एक हात माझ्या खांद्यावर ठेवून, अगदी हलक्या आवाजात नवाबाच्या नावाने सांगतात ती घर सुटल्याची भैरवी गायल्या. दोन मिनिटं असेल जेमतेम. आवाज थकलेला, सूर मात्र जागच्या जागी. नंतर म्हणाल्या, "आमच्याकडे मिरजेला उरुसात दर्ग्यापुढे गाऊन हजेरी लावतात बघ. हिच्यापुढे कोण लावणार? हिच्या लेकाच्या ठुमऱ्या शिकवून मी आयुष्यभर पगार घेतला."

उतरताना शोपाँची कबर लागली, तो पियानोवाला पोलिश संगीतकार. वर रडणारी संगीतदेवी, आणि खाली ताज्या फुलांचा हा ढीग. आमच्याकडे एक फूल उरलं नव्हतं. मी सांगितलं, बाई, ह्याचं फक्त शरीर इथे आहे, हृदय बहिणीने मायदेशी नेलं, ते वॉर्सॉच्या चर्चमध्ये आहे. बाईंनी हात जोडले आणि म्हणाल्या, "ह्याचं काळीज तरी घरी गेलं गं."

बंद व्हायची वेळ झाली म्हणून घंटा वाजायला लागली. दगडांवर पाय घसरू नये म्हणून मी त्यांचा हात धरला, बोटांना अजून शेवाळाचा ओलावा होता.

सप्टेंबरच्या ग्रुपला मी ही गोष्ट बसमध्ये माइकवर सांगितली, मोकळ्या दुपारी कोणाला यायचंय का विचारलं. कोणी आलं नाही. मी एकटीच गेले, चौथऱ्यावर परत पानं साचली होती, ती काढली. मला गाता येत नाही, म्हणून फोनवर तीच भैरवी लावली, आवाज बारीक ठेवून.