चार आवाज, मग पाचवा कुठून आला?

काल झोपायचं सोडून वेस्टमिन्स्टर कोरसचे व्हिडिओ बघत बसलो, कॅलिफोर्नियाची पोरं, बार्बरशॉप गाणारी, म्हणजे वाद्य एकही नाही, नुसते चार प्रकारचे आवाज, लीड चाल धरतो, टेनर त्याच्या वर, खाली बास आणि उरलेसुरले सूर बिचाऱ्या बॅरिटोनच्या वाट्याला. २००९ ला वेल्समधल्या लँगोलेनच्या फेस्टिव्हलमध्ये हे लोक 'क्वायर ऑफ द वर्ल्ड' (क्वायर म्हणजे गायकवृंद) झाले, ट्रॉफी इटलीचा ऑपेरा गायक पावारोत्तीच्या नावाची! (तो पण १९५५ ला वडिलांसोबत मोडेनाच्या क्वायरमधून तिथे जिंकला होता.) पण खरी गंमत कॉर्ड, म्हणजे एकाच वेळी गायलेले वेगवेगळे सूर, तंतोतंत जुळते तेव्हा, वर कोणीच न गायलेला एक सूर वाजायला लागतो, आपल्या तानपुऱ्यात स्वयंभू गंधार ऐकू येतो ना, तसलाच प्रकार. हेडफोन लावून ऐका हां, मोबाईलच्या स्पीकरवर काही कळत नाही.