उन्हाळ्यात जुनी जर्मन गावं: मुक्काम न्यूर्नबर्गला, बाकी सगळं रेल्वेनं

जुलै-ऑगस्टमध्ये भारतातून मैत्रीण आली की आम्ही मुक्काम न्यूर्नबर्गलाच ठेवतो. रोज बॅग भरायची आणि ती दगडी फरसबंदीवरून खडखडत नव्या हॉटेलपर्यंत ओढायची, यात अर्धा दिवस जातो. न्यूर्नबर्गच्या मुख्य स्टेशनातून बाम्बर्ग, रेगेन्सबुर्ग आणि रोटेनबुर्ग ही तिन्ही गावं साध्या प्रादेशिक गाड्यांनी दोन तासांच्या आत गाठता येतात. जायचं कसं हा प्रश्न सोपा आहे. पोचायचं किती वाजता आणि निघायचं कधी, इथेच बहुतेकांचं गणित चुकतं. सकाळी दहा ते संध्याकाळी पाच हा वेळ पर्यटकांच्या बसगाड्यांचा आणि नदीवरच्या क्रूझमधून उतरणाऱ्या घोळक्यांचा. जुलैत सूर्य सव्वानऊ-साडेनऊला मावळतो, म्हणजे गर्दी गेल्यावरही चार तास उजेड हाताशी उरतो.

पहिला निर्णय तिकिटाचा, कारण वेळ त्यावर ठरते. बायर्न-टिकेट (बायर्न म्हणजे बव्हेरिया राज्य) हे दिवसाचं तिकीट पाच जणांपर्यंत चालतं आणि दोघींचं मिळून पन्नास युरोच्या आत बसतं. प्रवास करणाऱ्यांची नावं त्यावर असावी लागतात. पण सोमवार ते शुक्रवार ते सकाळी 9 नंतरच लागू होतं. नऊनंतर निघालं की रोटेनबुर्गला पोचेपर्यंत साडेदहा-अकरा होतात, म्हणजे नेमकं गर्दीच्या तोंडावर. शनिवार-रविवारी ही अट नाही, त्यामुळे दोनच सहली करायच्या असतील तर त्या शनिवार-रविवारी करून हे तिकीट घ्यावं.

तीन किंवा जास्त दिवस फिरायचं असेल तर डॉइचलँड-टिकेट परवडतं. 2023 मध्ये ते 49 युरोला सुरू झालं, 2026 मध्ये महिन्याला 63 युरो आहे. देशभरातल्या प्रादेशिक गाड्या, एस-बान (उपनगरी गाडी), उ-बान (मेट्रो), ट्राम आणि शहरी बस सगळं त्यात येतं, वेळेची अट नाही. गोम अशी की ते कॅलेंडरच्या महिन्याचं असतं आणि दरमहा आपोआप नवं होतं. महिनाअखेर थांबवायचं तर त्या महिन्याच्या 10 तारखेपर्यंत रद्द करावं लागतं. म्हणून सहल एकाच महिन्यात बसवायची, तिकीट 1 तारखेपासूनचं घ्यायचं आणि ते घेतल्यावर लगेच रद्द करून टाकायचं. महिना संपेपर्यंत ते चालतच राहतं. बारा-पंधरा तारखेला घेतलं तर अनेक विक्रेते पुढच्या महिन्याचे पैसेही कापतात. काही ठिकाणी युरोपातलं बँक खाते मागतात, काही शहरांच्या अ‍ॅपवर क्रेडिट कार्ड चालतं. ते कार्ड भारतातलं असेल तर मैत्रिणीला निघण्याआधीच घरून प्रयत्न करायला सांगावं, कारण बँकेचा ओटीपी भारतातल्या सिमवर येतो. तिकीट ज्याच्या नावाचं त्यालाच चालतं, सोबत पासपोर्ट हवा.

यांतलं कुठलंही तिकीट आयसीई किंवा आयसी या लांब पल्ल्याच्या जलद गाड्यांत चालत नाही, आणि विनातिकीट सापडलं तर 60 युरो दंड. जर्मन रेल्वेच्या डीबी नॅव्हिगेटर अ‍ॅपमध्ये फक्त प्रादेशिक गाड्या दिसतील अशी निवड करून ठेवावी. उन्हाळा हा रूळदुरुस्तीचाही मोसम असतो. अ‍ॅपमध्ये गाडीऐवजी बस दिसली तर ती ‘एसईव्ही’ पाटीच्या थांब्यावरून सुटते आणि तासाच्या प्रवासाला सहज दीड-दोन तास लागतात. आदल्या रात्री एकदा पाहून घ्यावं. शिवाय काही गाड्या वाटेत दोन भागांत तुटतात आणि वेगवेगळ्या गावांना जातात. डब्याच्या दारावरचं गाव वाचूनच चढायचं.

बाम्बर्गला एस-बानही जाते, पण तिला तासभर लागतो. आरई ही जलद प्रादेशिक गाडी पाऊण तासात पोचवते, तीच धरावी. स्टेशनपासून जुना भाग वीस मिनिटं पायी. 1993 पासून हे गाव जागतिक वारसा यादीत आहे. रेग्निट्स नदीच्या मधोमध उभ्या जुन्या नगरभवनाचा फोटो सगळेच पुलावरून काढतात. त्याच्या रंगवलेल्या भिंतीजवळ मात्र फारसं कुणी थांबत नाही. भित्तिचित्रातल्या एका बाळदेवदूताचा पाय चित्रातून खरोखरच बाहेर आला आहे, गुबगुबीत, घडवलेला, हवेत लोंबणारा. मैत्रिणीला आधी न सांगता शोधायला लावावं.

तिथून चढ चढून कॅथेड्रल. आजची इमारत 1237 सालची. सम्राट हाइन्रिश दुसरा आणि राणी कुनिगुंडे यांची समाधी शिल्पकार तिल्मान रीमेनश्नायडरनं घडवलेली आहे; तिच्या बाजूंवर कोरलेले प्रसंग वाकून, सावकाश पाहण्यासारखे. ‘बाम्बर्गचा घोडेस्वार’ हा दगडी पुतळा खांबावर बराच उंच आहे, नजर वर ठेवली नाही तर सरळ त्याच्याखालून निघून जातो आपण. रविवारी सकाळी प्रार्थनेच्या वेळी पर्यटकांना आत सोडत नाहीत. समोरच्या राजवाड्यामागची गुलाबबाग जून-जुलैत भरात असते आणि तिथून खालच्या लाल छपरांचा गाव एका नजरेत दिसतो.

इथली धुरकट बिअर प्रसिद्ध आहे. माल्ट बीचच्या लाकडाच्या धगीवर वाळवतात, त्याचा तो वास. पहिला घोट नाकाला मांसासारखा लागतो, पण त्यात मांस नसतं, शाकाहारी माणसानं दचकू नये. अर्धा लिटरचा एक ग्लास दोघींत घेऊन बघावा. सगळ्यांनाच झेपते असं नाही.

शाकाहारी मैत्रिणीसाठी खरी खबरदारी दुसरीकडे घ्यावी लागते. बव्हेरियातल्या बटाट्याच्या सॅलडमध्ये बऱ्याचदा मांसाचं पाणी घालतात आणि ताटात ते दिसत नाही, म्हणून ‘फ्लाइशब्र्युए’ आहे का असं विचारावं. चीज घातलेले केझेश्पेट्झले नूडल्स, अ‍ॅपलसॉससोबत बटाट्याचे घावन, उन्हाळ्यात फिफरलिंगं नावाची पिवळी अळंबी, हे बहुतेक ठिकाणी मिळतं. त्यातही ‘श्पेक’ म्हणजे डुकराच्या चरबीचे तुकडे नकोत असं आधी सांगायचं. बिल मागितलं की एकत्र की वेगळं, ‘त्सुझामेन ओडर गेट्रेंट’, हा प्रश्न येतोच. टीप पाच ते दहा टक्के, टेबलावर न ठेवता पैसे देतानाच एकूण रक्कम सांगायची. छोट्या गावांत रोख नोटा लागतात.

रोटेनबुर्गला मात्र एक रात्र राहावं, हा एकच अपवाद मी करते. अ‍ॅपमध्ये पूर्ण नाव, रोटेनबुर्ग ऑब डेर टाउबर, निवडा; मिळत्याजुळत्या नावाचं दुसरं गाव पार उत्तरेला आहे. वाटेत आन्सबाख आणि श्टाइनाखला गाडी बदलावी लागते. आदली गाडी उशिरा आली की श्टाइनाखची चुकते, म्हणून दिवसाची शेवटची जोडणी कधीच धरू नये. दुपारी पोचून सामान टाकायचं, दुपारचं ऊन सेंट याकोब चर्चमध्ये काढायचं. तिथे रीमेनश्नायडरचीच लाकडी ‘पवित्र रक्त’ वेदी आहे आणि ती जिन्यानं वर जाऊन बघावी लागते. अनेक जण खालूनच परत फिरतात.

पाचनंतर तटबंदी. रोडर वेशीजवळ दगडी पायऱ्यांनी वर चढायचं. वर लाकडी छपराखालून जाणारी वाट आहे, विनातिकीट. तटाचा बराचसा भाग तिच्यावरून चालता येतो. वाट इतकी अरुंद की समोरून कुणी आलं तर एकीला भिंतीला चिकटावं लागतं. उंच माणसानं डोकं सांभाळावं. 31 मार्च 1945 च्या बाँबहल्ल्यात गावाचा पूर्वेकडचा भाग पडला. पुढे देशोदेशीच्या लोकांनी देणग्या देऊन तट उभा केला, म्हणून भिंतीतल्या दगडांवर त्यांची नावं कोरलेली दिसतात, जपानीसुद्धा. रात्री आठला बाजारचौकातून रात्रपहारेकऱ्याची इंग्रजी फेरी निघते, पैसे शेवटी रोख. सकाळी सातला प्ल्योनलाइन या छोट्या चौकातल्या तिरप्या पिवळ्या घरासमोर तुम्ही दोघीच असता. दहाला तिथे फोटोसाठी रांग. दुकानांत मांडलेले श्नेबाल म्हणजे आपल्या चिरोट्याचा गोलमटोल भाऊ, दोघींत एक पुरतो.

न्यूर्नबर्ग सहलींच्या मधल्या रिकाम्या वेळात पाहून होतं. दुपारी बाराला फ्राउएनकिर्शे या चर्चच्या घड्याळातून सम्राट निवडणारे सात निर्वाचक बाहेर येऊन सम्राट कार्ल चौथ्याभोवती तीन फेऱ्या घालतात. हे यंत्र 1509 पासूनचं. शहर 2 जानेवारी 1945 ला जळालं, त्यामुळे जुनं दिसणारं बरंच पुन्हा बांधलेलं आहे. संध्याकाळी चित्रकार ड्यूररच्या घरासमोरच्या चौकात लोक बाटल्या घेऊन दगडांवरच बसतात. बाटली परत दिली की डिपॉझिट मिळतं: काचेच्या बिअरबाटलीला 8 सेंट, वापरून टाकायच्या प्लास्टिकला 25. बहुतेक संग्रहालयं सोमवारी बंद, दुकानं रविवारी बंद आणि एरवी रात्री आठला. शनिवारी खरेदी राहिली तर मुख्य स्टेशनातली दुकानं रविवारी उघडी असतात.

पारा 35 पर्यंत जाण्याचे दिवस हल्ली येतातच, आणि खोलीत एसी तर सोडाच, पंखाही नसतो. बुकिंग करताना छपराखालची खोली टाळा आणि टेबलफॅनचं विचारून ठेवा. दिवसा खिडक्या आणि बाहेरचे शटर बंद, रात्री सताड उघडे. भारतातून आलेली मैत्रीण नेमकं उलट करते आणि खोली भट्टी होते. नळाचं पाणी पिण्यासारखं असतं, बाटली भरून घ्यावी. कारंज्यावर ‘काइन ट्रिंकवासर’ लिहिलं असेल तर ते पिऊ नये.

रेगेन्सबुर्ग शेवटी ठेवते, कारण युद्धात ते बऱ्यापैकी वाचलं आणि न्यूर्नबर्गनंतर पाहिलं की फरक कळतो. दगडी पूल 1135 ते 1146 मध्ये बांधला. त्याच्या कमानींखाली डॅन्यूब भोवरे घेत वाहते, तिथे पाण्यात उतरू नये. जुन्या नगरभवनातलं सभागृह, जिथे 1663 ते 1806 पवित्र रोमन साम्राज्याची कायमची सभा भरत होती, फक्त मार्गदर्शकासोबत बघता येतं, म्हणून पोचल्यावर आधी इंग्रजी फेरीची वेळ घ्यावी आणि बाकी दिवस तिच्याभोवती बसवावा. बोटीनं वालहाल्ला या नदीकाठच्या टेकडीवरच्या देवळासारख्या स्मारकाला जायचं तर सकाळच्या फेरीनं: चढाच्या 358 पायऱ्यांवर सावलीचा पत्ता नाही, आणि उकाड्याच्या दिवशी दुपारनंतर गडगडाटी पाऊस हमखास.