पुण्य भावाला, गादी मला

बेळगावातनं पहाटे निघालो, यरगट्टीला मिरची भजी खाल्ली आणि दहाच्या सुमाराला बदामी गाठली. पायऱ्यांवरच माकडानं आईच्या हातातली केळी पळवली. "जाऊ दे, मारुतीला पोचली," म्हणाली.

तिसऱ्या लेण्यात सगळे शेषावर बसलेल्या विष्णूपुढं फोटो काढत होते. मी ओवरीतल्या लेखाशी थांबलो. भाषा संस्कृत, लिपी जुन्या कन्नड वळणाची. मला ओ की ठो वाचता आलं नाही, पण मजकूर पाहून गेलो होतो: राजा कीर्तिवर्म्याच्या कारकिर्दीचं १२वं वर्ष, शके ५००, कार्तिक पौर्णिमा, त्याचा धाकटा भाऊ मंगलेश यानं हे विष्णूचं देऊळ करवलं. म्हणजे इ.स. ५७८.

"त्रिपुरी पौर्णिमा की रे!" आई दगडाकडं नव्यानं बघायला लागली. त्या दिवशी आम्ही कपिलेश्वराला पणत्या लावतो.

मंगलेशानं कामाचं पुण्यही थोरल्या भावाच्या नावे केलंय, तेही तिथंच कोरून. पुढं कीर्तिवर्मा गेल्यावर गादीवर हाच बसला आणि पुतण्याला ती सोडेना. शेवटी दुसऱ्या पुलकेशीनं लढूनच घेतली.

उतरताना आईचं चालूच होतं, "पुण्य दिलं, गादी नाही दिली. आमच्या खानापूरच्या शेतासारखंच की हे!"